चाखून थुंकणाऱ्या भावास

विलास, आधी भांडून घेते. रडणं होत राहील, त्याला काही मुहूर्त लागत नाही. पण आपलं एक भांडण तू अर्ध्यातच टाकून गेलास आणि त्याचं सगळं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर आलं. जिवंत होतास तेव्हा निदान "बस झालं ताई, वाढ आता" म्हणून ताट तरी पुढे करायचास. लग्न केलं नाहीस, दोन्ही वेळ माझ्याच घरी जेवलास, म्हणून आपली सगळी भांडणं ताटावरच झाली. आता ताट मांडून कोणाशी भांडू?

काल विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग लोक आदरांजलीला उठले. मेश्राम साहेब, आपल्या विहार समितीचे अध्यक्ष, माईकसमोर उभे राहिले. चांगलं बोलत होते. विलास कोणाच्याही अडीनडीला गाडी घेऊन उभा राहायचा, बाळंतिणीला भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचवायचा, आपल्या लोकांना अजिंठा-वेरूळ दाखवलं ते त्यानंच. मी मान खाली घालून ऐकत होते, बरं वाटत होतं. आणि मग साहेब घसा खाकरून म्हणाले, "माणूस सोन्याचा होता. पण एका नादानं घात केला. आपल्या तरुण पोरांनी यातून बोध घ्यावा."

नादाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. अख्ख्या लाखनीला तू 'वाईनवाला विलास' म्हणून ठाऊक होतास. सगळ्या माना हलल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हृदयाची नस बंद झाली, पण इथे डॉक्टरचं ऐकतो कोण. शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यालं तरी लोक शिंदीच म्हणतात. हे मी तुला किती वर्षं सांगत होते रे. तू हसायचास.

जन्मात एक घोट पोटात न गेलेला माणूस तू, आणि दारूनं गेला म्हणून तुझी आदरांजली झाली. आणि तू पीत नव्हतास हे पक्कं माहीत असणारी या गावात मी एकटी. काल मी काय केलं ते सांगते, पण आधी पहिल्यापासून बोलू दे. मध्ये बोलायची सोय तुला आता नाहीच, तेवढं एक बरं आहे.

ही वाईन तुझ्या आयुष्यात शिरली कुठून, हे आठवलं की मला हसू पण येतं आणि संताप पण. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तू तिकडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गाडी चालवत होतास. म्हणालास, "आता रोज दुसऱ्या जिल्ह्यात कोण जाते ताई, आपल्याच गावातून गाडी काढतो." काढलीस. अजिंठा, वेरूळ आणि शेवटी नाशिकची त्रिरश्मी लेणी. रविवारी वंदना संपली की मी विहारात सहलीची घोषणा करायचे आणि लोक नावं द्यायचे. शाळेत बाकीच्या शिक्षिकांना मी अभिमानानं सांगायचे की माझा भाऊ आपल्या लोकांना लेणी दाखवतो.

नाशिकची लेणी सकाळीच पाहून होत होती आणि दुपार रिकामी राहत होती. एका बँकेतल्या जोडप्यानं विचारलं, "दादा, इथे द्राक्षांच्या बागा आहेत म्हणे, वाईन कशी बनते ते दाखवतात म्हणे." तू गाडी वळवलीस. ती वळलेली गाडी पुन्हा काही सरळ झाली नाही.

पुढच्या सहलीचं पत्रक छापून आणलंस. वर लेण्यांचं चित्र आणि खाली द्राक्षाचा घोस. मी पत्रक तुझ्या ताटाशेजारी आपटलं.

"एकाच कागदावर? वर त्रिरश्मी आणि खाली वाईन?"

"दोन्ही एकाच रस्त्यावर हायेत ताई. मी का करू?"

"रस्त्यावर दारूचं दुकान बी हाये. ते बी छाप मंग."

तू वरण ओरपत राहिलास. तुझी ही खोड मला कधीच सहन झाली नाही. दुसरी माणसं वाद घालतात, हरतात, जिंकतात. तू फक्त जेवत राहायचास.

मग ते व्यसनच झालं तुला. पिण्याचं नाही, पाहण्याचं आणि हुंगण्याचं. नाशिक झालं, दिंडोरी झाली, नारायणगाव झालं, मग सांगलीकडे गेलास. इथे धानाच्या बांध्यांत वाढलेला पोरगा, ज्यानं द्राक्षाचा वेल जन्मात पाहिला नव्हता, तो मला वेलाची छाटणी कशी करतात ते चमच्यानं ताटात आखून दाखवायला लागला. दुधाच्या डेअरीत असतात तशा मोठ्या टाक्या असतात म्हणे. खाली तळघरात लाकडी पिंपं निजवलेली असतात, तिथं गेलं की थंडीच्या दिवसांतल्या कोठीघराचा वास येतो म्हणे. ग्लास उजेडात धरायचा, फिरवायचा, नाक घालायचं आणि मग एवढासा घोट. तू हे सगळं पाण्याच्या पेल्यानं करून दाखवायचास. तुझे भाऊजी बिचारे समोर बसून पेल्यातल्या पाण्याकडे पाहत राहायचे. मी म्हणायचे, बोअरचं पाणी हाये ते, काही दिसत नाही त्याच्यात.

आपले लोक कुठेही जाओत, डबा घेतल्याशिवाय गाडीत पाय ठेवत नाहीत. त्या बागांत वाईनसोबत चीजचे तुकडे आणि कोरडी बिस्किटं ठेवतात. आपल्या लोकांनी ते एकदा उचलून पाहिलं, परत ठेवलं आणि डबे उघडले. एवढ्या झकपक टेबलावर पेपर पसरून लाखोळीच्या डाळीचे वडे, सांबारवडी, जवसाची चटणी, झिंग्याची चटणी. चव द्यायला उभी असलेली नाशिकची पोरगी आधी घाबरली म्हणे, साहेब ओरडतील म्हणून. मग आपल्या लोकांनी तिलाच आग्रह करून वडा खायला लावला. आपल्याकडे समोरच्याला न देता कोणी खातं का. तिनं वडा खाल्ला, वर पांढऱ्या वाईनचा एक घोट घेतला आणि तुला म्हणाली, "दादा, हे जमतंय की."

तिथे तू कामातून गेलास. गावी आल्या आल्या चप्पल न काढता स्वयंपाकघरात. "ताई, पुढच्या सहलीले वडे जरा जास्त कर. अन् तिखट कमी टाक."

"तिखट कमी? काहून?"

"तिखटानं वाईनचा आवाज बंद होते."

माझ्या हाताच्या तिखटाला आजपर्यंत कोणी नाव ठेवलं नव्हतं. पण राग त्याचा नव्हता. मी म्हटलं, "विलास, दर रविवारी मी लोकायले पंचशील म्हणून दाखवतो. सुरामेरय, ते दारूचं शील म्हटलं की पिणाऱ्याच्या बायका माह्याकडे पाहतात. अन् घरी येऊन मी चखणा तळू?"

"चखणा नाई ताई. जोड."

जोड. कोणत्या वाईनला कोणता घास, त्याला तू जोड म्हणायचास, बैलाची जोड म्हणावी तसं. शेवटी मी अट घातली की वडे प्रवाशांच्या पोटासाठी तळीन, वाईनसाठी तळणार नाही. तू हो म्हणालास. तुझं हो म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझे वडे, माझ्या वड्या बागोबागी फिरून आल्या आणि मी इथे सुरामेरय म्हणत बसले.

आणि तरी, खोटं कशाला बोलू, तू परत आलास की मीच पहिल्यांदा विचारायचे. काय जमलं? झिंग्याची चटणी आणि दिंडोरीकडची पांढरी, तू म्हणायचास, सख्ख्या बहिणी. सांबारवडीला गुलाबी, कारण कोथिंबिरीचा वास तिच्यात हरवत नाही. गोसीखुर्दची मासोळी तळून नेली होतीस, तिच्यावर तर त्या बागेचा आचारी येऊन बसला. पण मटणाच्या काळ्या रश्श्याचं मात्र काही जमेना. लाल वाईन झाली, जुनी लाल झाली, सांगलीकडची कुठली जाडजूड झाली. एकदा आलास, पाटावर बसलास आणि मान हलवली. "ताई, तुह्या काळ्या रश्श्यापुढे एकबी टिकत नाई. सगळ्या हरल्या." मला इतका आनंद झाला की तुला अजून एक वाटी वाढली. तू खाल्लीस आणि लगेच म्हणालास, "थोडं तिखट कमी केलं तं..." तेव्हा वाटी परत घेतली होती, आठवतं?

मी फक्त एकदाच आले तुझ्यासोबत, तेही लेण्यांसाठी. सकाळी त्रिरश्मीच्या पायऱ्या चढले, चैत्यासमोर बसून वंदना घेतली, मन भरून आलं. दुपारी तू गाडी बागेकडे वळवलीस. मी म्हटलं मी गाडीतच बसते. उन्हानं गाडी तापली आणि नाइलाजानं आत आले. मला द्राक्षाचा रस दिला त्यांनी. मी तो पण हुंगून पाहिला.

टेबलावर प्रत्येकासमोर ग्लास आणि मधोमध एक चकचकीत स्टीलचं भांडं. ती पोरगी सांगत होती की चव घेऊन झाली की यात थुंकलं तरी चालतं. कोणाच्या कानात शिरेना. आपल्याकडे पंगतीत जेवण झालं की यजमान तसराळं घेऊन येतो आणि हातावर पाणी घालतो. आपले पोस्टातून रिटायर झालेले काका उठले, त्या भांड्यावर दोन्ही हात धरून उभे राहिले आणि तिच्याकडे पाहू लागले, पाणी घाल म्हणून. ती बाटली हातात घेऊन उभी. काका हात धरून उभे. शेवटी तूच धावत जाऊन पाण्याचा जग आणलास आणि काकांच्या हातावर पाणी घातलंस. त्यांना काही समजू दिलं नाहीस. मी मागे पदर तोंडात कोंबून बसले होते.

थुंकलं मात्र कोणीच नाही. दुसऱ्याच्या घरी, त्यानं प्रेमानं दिलेलं, त्याच्यादेखत थुंकायचं? आपल्या लोकांना ते मरून जमणार नाही. सगळ्यांनी गिळलं. एकट्या तुला सोडून. बाकीचे डबे उघडायला पलीकडे गेल्यावर तू ग्लास फिरवलास, हुंगलास, घोट तोंडात घेतलास, डोळे मिटून घोळवलास आणि त्या भांड्यात थुंकलास. मग पाण्यानं चूळ भरलीस. दुसरी आली, तिचंही तेच. मला वाटलं खराब निघाली.

"का झालं? आंबली काय?"

"नाई ताई, झकास हाये."

"मंग थुंकून काहून राहिला?"

तू इतक्या साधेपणानं सांगितलंस की मी पाहतच राहिले. "पोटात गेली तं शील मोडते. म्या कधी गिळलीच नाई. पह्यल्या दिवसापासून नाई."

 इतकी वर्षं तुझ्यावर ओरडत होते आणि तू पीतच नव्हतास. मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. मी म्हटलं, "जिभेवर घेतली म्हंजे घेतलीच. शील जिभेपासून सुरू होते, घशापासून नाई." परतीच्या प्रवासात सगळी गाडी पेंगत होती आणि आपण दोघं पुढे बसून भांडत होतो. मी सांगितलं की मोहाच्या गोष्टीशी खेळू नये. तू गियर बदलत म्हणालास, "तू मटण खातेस काय ताई?"

नाही खात. विपश्यनेचं शिबिर करून आले तेव्हापासून सोडलं, तुला माहीत होतं.

"मंग काळ्या रश्श्याचं मीठ कोण पाहते?"

मीच पाहते. तळहातावर थेंब घेते, जिभेला लावते आणि मोरीत जाऊन थुंकते. इतकी वर्षं तू जेवता जेवता हे पाहत होतास आणि कधी एका शब्दानं बोलला नव्हतास. त्या दिवशी बोललास.   थुंकलं तरी शील मोडतं का, हे भंतेजींना विचारावं असं कितीदा मनात आलं, पण ते काय म्हणतील याची भीती वाटली. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ते नाही सांगता येत.

पण खरं भांडण हे नव्हतंच. खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. मी म्हटलं, ठीक आहे, थुंकतोस ना, मग विहारात उभा राहा आणि सांग. मी पीत नाही, ही माझी कामाची गोष्ट आहे, मी चव पाहतो आणि थुंकतो. संपला विषय. तू म्हणालास, "नाई सांगत."

"काहून?"

"कायले सांगू?"

"लोक पाठीमागं बोलून राहिले म्हणून."

"बोलू दे ना."

किती वेळा झालं हे. प्रत्येक वेळी तेच. बुद्ध पौर्णिमेला दरवर्षी बावीस प्रतिज्ञा तू वाचायचास, दारू पिणार नाही ही त्यातलीच एक, तुझा आवाज खणखणीत. एका वर्षी समितीनं दुसऱ्याला वाचायला सांगितलं. तुला कोणी काही बोललं नाही, फक्त कागद दुसऱ्याच्या हातात गेला. तू बाहेर जाऊन पाण्याच्या टँकरला पाइप जोडत बसलास. मी पंगतीत वाढत होते. घरी येऊन मी तुझ्या हातापाया पडले रे. म्हटलं, एकदा सांग. एकच वाक्य सांग. तू म्हणालास, "ताई, भात थंडा होऊन राहिला."

आणि वर तो देवराम. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं तसा तो बायकोला, कमलाला घेऊन लाखनीत आला. नदीवर जाळं टाकणारा माणूस राइस मिलमध्ये हमाली करायला लागला आणि प्यायला लागला. आधी संध्याकाळी, मग सकाळपासून. विहारात यायचा बंद झाला. हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानासमोर बाकडं आहे, त्यावर बसून ट्रक पाहत राहायचा. आणि सहल नसली की रोज संध्याकाळी तू त्याच्या शेजारी. लोक काय पाहत होते? पिणारा देवराम आणि वाईनवाला विलास एका बाकड्यावर. मी तुला म्हटलं, त्याच्याजवळ बसत जाऊ नको, त्याचं नाव तुला लागतं. तुझ्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरता राग आला. तुला राग येतो हे मला तेव्हा कळलं. बोलला मात्र काही नाहीस. दुसऱ्या दिवशी परत बाकड्यावर. मागच्या उन्हाळ्यात देवराम गेला तेव्हा त्याला खांदा द्यायला चार माणसं जमवायला तूच फिरलास.

आता कालचं सांगते.

मेश्राम साहेब खाली बसले.  मी उठले. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं, तरी माईक घेतला. शाळेत इतकी वर्षं बोलले, पण असा आवाज कधी निघाला नव्हता. मी सगळं सांगितलं. ते भांडं सांगितलं, चूळ भरणं सांगितलं, पहिल्या दिवसापासून एक थेंब गिळला नाही हे सांगितलं. त्रिरश्मीच्या पायथ्याशी सांगते तसं सांगते, खोटं असेल तर माझी जीभ झडो, असंही म्हटलं. भंतेजींसमोर असं बोलू नये, पण बोलले. आणि शेवटी म्हटलं, "माह्या भावानं शील पाळलं. त्याले पिणाऱ्यायच्या रांगेत बसवू नका. तो त्यायच्यातला नव्हता."

मेश्राम साहेबांचा चेहरा पडला. ते उठून आले, हात जोडले, म्हणाले, "बाई, आमची चूक झाली." बायकांनी डोळ्याला पदर लावले. पोस्टातले काका मोठ्यानं रडले. मला वाटलं जिंकले. इतक्या वर्षांचं भांडण मी एकटीनं जिंकलं, तू नसताना.  मग जेवणाची पानं पडली आणि मी वाढायला निघाले, तेव्हा कमला दिसली. मागच्या भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि पानावर न बसता निघून गेली. मी हाक मारली तर वळून म्हणाली, "भूक नाई बाई."

विहारातून पानावरून कोणी उपाशी उठून जावं, तेही तुझ्या पुण्यानुमोदनाला. मी वाढत राहिले, पण कोणाला काय वाढलं ते आठवत नाही. मी काय बोलले ते मला तिच्या पाठीकडे पाहताना ऐकू आलं.

आज सकाळी तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. पाट दिला, पाणी दिलं. मी म्हटलं, "कमला, काल मी बोललो ते तुले लागलं."

ती सुपातून हात न काढता म्हणाली, "खरंच तं बोललात बाई. तुमचा भाऊ नोता पीत. माहा माणूस पीत होता."

"तुले माहीत होतं? विलास पीत नव्हता म्हणून?"

"मले माहीत होतं. घरी यायचा, जवळ बसायचा, वास येते का नाई येत हे आमाले नाई कळत काय? माह्या माणसाले बी माहीत होतं."

 ती बोलत राहिली, माझ्याशी कमी आणि तांदळाशी जास्त. "बाकीचे येत होते ना बाई, ते आधी सांगत. मी पीत नाई देवराम, तूबी सोडून दे. चांगलंच सांगत. मंग हा उठून जाये. विलासभाऊनं कधीच नाई सांगतलं. एकदा बी नाई. म्हणून तं त्याच्यापाशी बसत होता. दिवसातून तेवढा वेळ त्याले कोणी कमी नोतं समजत."

 रस्त्यानं तुला शिव्या देत आले. इतकी सोपी गोष्ट होती तर तुला मला सांगता येत नव्हती? मी का परकी होते? हातापाया पडले होते मी तुझ्या. 'ताई, मी सांगितलं की देवराम एकटा पडेल', एवढं एक वाक्य. ते गिळून बसलास आणि मला भात थंडा होतो म्हणालास. कदाचित तुला वाटलं असेल की पंचशील सांगणारी ताई हे मान्य करणार नाही. कदाचित मी केलंही नसतं. पण विचारून तर पाहायचं होतं. निदान काल माझ्या तोंडून ते निघालं नसतं आणि त्या बाईला पानावरून उठावं लागलं नसतं. हा राग मी कुठे ठेवू, ते सांग.

दुपारी मेश्राम साहेबांचा फोन आला. आवाज फार मऊ होता. समितीनं ठरवलं आहे की तुझा फोटो विहाराच्या सभागृहात लावायचा. मी 'बरं' म्हटलं. मग ते म्हणाले, "बाई, खाली ओळ लिहू. 'आजन्म निर्व्यसनी उपासक विलास'. म्हणजे पुन्हा कोणाचं तोंड उघडणार नाही."

याच ओळीसाठी मी किती वर्षं जीव टाकला ते तुला माहीत आहे. हीच ओळ तू बोलावी म्हणून मी तुझ्या पाया पडले होते. आता ती काचेआड, सोनेरी अक्षरात, समितीच्या खर्चानं आयती मिळत होती. सभागृहात सगळे येतात. कमलाही येते, दर रविवारी, मागच्या भिंतीशी बसते.

मी म्हटलं, "साहेब, नुसतं नाव लिहा."

ते गोंधळले. "असं कसं बाई? कालच तुम्ही एवढं बोललात. ओळ नाही लिहिली तर लोक पुन्हा तेच म्हणतील."

 

"म्हणू द्या," मी म्हटलं.

फोन ठेवला. हे दोन शब्द मला किती जड गेले, ते तुला कळणार नाही, कारण तू ते आयुष्यभर जेवता जेवता बोलत आलास. पुढच्या रविवारी फोटो लागेल. कोणी ना कोणी बोट दाखवून म्हणेलच, तो पाहा वाईनवाला. मी समोरच बसलेली असेन, मला ते ऐकू येईल आणि मी काही बोलणार नाही. तुझ्यावरचा राग मात्र गेलेला नाही, विलास. तो जाणार पण नाही.